रोजच्या भाजीत या चुका टाळा

भाजी बिघडली की बोल लागतो मसाल्याला, नाहीतर मिठाला. खरं तर रात्रीच्या घाईत भाजी बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यापायी. पालक, कोबी, दुधी, मश्रूम यांच्या वजनात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते कधी सुटू द्यायचं, कधी उडवायचं आणि कधी आतच अडवायचं, एवढं कळलं तरी निम्मा स्वयंपाक सोपा होतो.

कढई गच्च भरणं

सगळ्यात जास्त भाज्या वाया जातात त्या इथे. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं आणि कढईत पाणी आहे तोवर भाजीचं तापमान त्याच्या फारसं वर जात नाही. भाजीला खरपूस रंग आणि भाजका वास येतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे. चार जणांची भाजी लहानशा कढईत कोंबली की खालच्या फोडींचं पाणी वरच्या फोडींना वाफवत बसतं. आपल्याला वाटतं आपण परततोय. प्रत्यक्षात भाजी उकडत असते. मग ती फिकी, गिचगिचीत होते आणि आपण त्यात अजून तिखट घालतो.

भांडं पसरट घ्या, नाहीतर भाजी दोन घाण्यांत परता. धुतलेली भाजी चाळणीत नीट निथळू द्या. आणि दर दहा सेकंदांनी उलथनं फिरवायची सवय सोडा. फोडीची एक बाजू तव्याला किंवा कढईला टेकून राहिली, तरच तिला रंग येणार.

मश्रूमला तर कोरड्या, तापलेल्या भांड्यात आधी पाणी सोडू द्यावं, ते आटू द्यावं आणि मगच तेल घालावं. वांग्याचं गणित वेगळं. त्याचा गर हवेने भरलेला असतो, त्यामुळे कच्च्या फोडी तेलात टाकल्या की त्या तेल पितच राहतात. फोडींना मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि हाताने दाबून घ्या, किंवा पाच मिनिटं वाफवून घ्या. गर बसला की तेल निम्म्यात भागतं.

मीठ डोळे झाकून सुरुवातीलाच टाकणं

मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. रस हवा असेल तर मीठ आधी, भाजी कोरडी हवी असेल तर शेवटी. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पालेभाजीत मात्र आणखी एक फसगत आहे. कढईभर दिसणारा पाला पाच मिनिटांत मूठभर होतो, आणि मीठ मात्र कढईभर पाल्याच्या अंदाजाने पडलेलं असतं. पाला बसल्यावरच मीठ घाला.

भेंडीचा बुळबुळीतपणाही पाण्याशीच जोडलेला आहे. तिच्यातला चिकट पदार्थ पाणी शोषून फुगतो. म्हणून भेंडी अख्खी धुवायची, फडक्याने कोरडी पुसायची आणि मग चिरायची. चिरून धुतली की खेळ खलास. तुकडे फार बारीक नकोत. झाकण नको, कारण झाकणाखालची वाफ पुन्हा भेंडीतच पडते. मीठ उतरवण्याच्या जरा आधी. थोडं लिंबू पिळलं तर उरलीसुरली तारही कमी होते.

आंबट लवकर घालणं

बटाटा टोमॅटोत शिजायला टाकला की अर्ध्या तासानेही मध्ये कडक लागतो. बटाट्यात काही खोट नसते. आंबटपणामुळे भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही. कडधान्यांचंही तेच. आधी मऊ शिजवा, मग आंबट घाला. हाच गुण उलटाही वापरता येतो: फोडी अख्ख्या राहायला हव्या असतील तर आंबट थोडं आधी घालावं.

हिरव्या भाज्यांचा रंगही आम्ल आणि लांबलेली आच मिळून घालवतात. फरसबी, मटार, पालक सुरुवातीची काही मिनिटं झाकण न ठेवता शिजवा; भाजीतली आम्लं वाफेबरोबर निघून जातात. रंगासाठी चिमूटभर सोडा घालण्याचा मोह होतो. रंग टिकतो खरा, पण भाजीचा लगदा होतो आणि क जीवनसत्त्वही जास्त नष्ट होतं. माझ्या मते हा सौदा तोट्याचा.

मोसम न पाहता तीच रीत वापरणं

मोसमाच्या सुरुवातीचा मटार कोवळा आणि गोड असतो, शेवटाचा जून आणि पिठूळ. दोघांना एकच वेळ देऊन कसं चालेल? शिवाय मटार आणि मका तोडल्यापासून त्यांतल्या साखरेचा पिष्ट होऊ लागतो, म्हणून आणल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आधी तेच रांधावेत. कोबी, गाजर, भोपळा थांबू शकतात. शेवटाच्या गवारीच्या, घेवड्याच्या शिरा काढायला कंटाळू नका, आणि जून शेंगांना थोडं पाणी घालून झाकण द्या. कोवळ्यांना त्याची गरज नसते.

मिश्र भाजीत सगळं एकदम टाकणं ही याच चुकीची धाकटी बहीण. गाजर आधी, फ्लॉवर नंतर, मटार त्याहून नंतर.

एक गोष्ट मात्र चवीची नाही, जिवाची आहे. दुधी, काकडी, झुकिनी चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका आणि ते फळ फेकून द्या. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांचा असतो आणि ती शिजवूनही जात नाहीत. त्यात साखर घालून निभावून नेणं किंवा रस काढून पिणं अजिबात नको.

बिघडलीच तर

भाजीला फार पाणी सुटलं तर ती आणखी शिजवत बसू नका. फोडींचा गिचका होईल. फोडी काढून ठेवा, उरलेलं पाणी मोठ्या आचेवर आटवा आणि फोडी परत घाला. कोबी, फ्लॉवरला उग्र वास आला असेल तर त्या जास्त शिजल्या आहेत. वास पूर्ण जात नाही, पुढच्या वेळी आच मोठी आणि वेळ कमी.

खारट झालेल्या रश्शात बटाटा टाकून मीठ ‘शोषून’ घेण्याचा उपाय सगळ्यांनाच माहीत आहे आणि तो फारसा कामाचा नाही. बटाटा खारट पाणी पितो, पण उरलेलं पाणी तेवढंच खारट राहतं. रश्शात पाणी वाढवा, किंवा बिनमिठाची उकडलेली भाजी घाला. उलट भाजी मिळमिळीत लागत असेल तर मिठाच्या डब्याकडे हात जाण्याआधी लिंबाचे चार थेंब पिळून पाहा.

भाजी खाली लागली तर ढवळू नका, खरवडू नका. वरची भाजी अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. पण लसूणच करपला असेल तर त्याचा कडूपणा तेलात उतरलेला असतो. ते तेल टाकून नव्याने सुरुवात करणं स्वस्त पडतं.