यीस्टमधलं ट्रान्सलेशन शिकताना मी खाल्लेली माती

ट्रान्सलेशन म्हणजे रायबोसोमने एमआरएनए वाचून प्रोटीन बनवणं. लॅबमध्ये नवीन असताना पहिल्यांदा पॉलिसोम प्रोफाइल (एमआरएनएवर किती रायबोसोम चढलेत ते दाखवणारा आलेख) काढला, ८०एसचा, म्हणजे एकेकट्या रायबोसोमचा, एकच भलामोठा पीक आला आणि पुढचे पॉलिसोम, म्हणजे बरेच रायबोसोम चढलेले एमआरएनए, जवळजवळ सपाट. मी खूश, म्हटलं म्यूटंटमध्ये इनिशिएशन (ट्रान्सलेशनची सुरुवात) बोंबललंय, पेपर पक्का! सीनियरने फक्त एवढंच विचारलं, वाइल्ड टाइपचा (म्यूटेशन नसलेल्या यीस्टचा) कसा आलाय? तोही तसाच. झालं.

घोळ असा की मी पेशी सेंट्रिफ्यूज करून ग्लुकोज नसलेल्या बफरने निवांत धुतल्या आणि रायबोसोम जागच्या जागी थांबवणारं सायक्लोहेक्सिमाइड त्यानंतर टाकलं. यीस्टचं ग्लुकोज काढलं की मिनिटभरात इनिशिएशन थांबतं, एमआरएनएवर आधीच चढलेले रायबोसोम आपापलं प्रोटीन संपवून उतरतात, नवीन कोणी चढत नाही, मग सगळी गर्दी ८०एसच्या पीकमध्ये. म्हणजे पेशी ठणठणीत होत्या, उपाशी मीच मारल्या. आता सायक्लोहेक्सिमाइड आधी, मग लगेच बर्फ, आणि धुवायच्या बफरमध्येही तेच.

थिअरी वाचताना सगळे फॅक्टर (इनिशिएशनला मदत करणारी प्रोटीन्स) पाठ करत बसू नका, मी बसलो होतो, काही उपयोग झाला नाही. आधी टर्नरी कॉम्प्लेक्स पकडा: ईआयएफ२ हा फॅक्टर, जीटीपी आणि पहिलं मेथिओनिन आणणारा टीआरएनए. हे ४०एसवर (रायबोसोमच्या छोट्या भागावर) बसतं, मग ४०एस कॅपकडून (एमआरएनएच्या सुरुवातीच्या टोकाकडून) सरकत सरकत एयूजी, म्हणजे वाचन सुरू करायची खूण, शोधतं, सापडलं की ६०एस (मोठा भाग) येऊन जोडलं जातं. अमिनो अॅसिड कमी पडली की जीसीएन२ हे कायनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) ईआयएफ२ला फॉस्फेट लावतं आणि टर्नरी कॉम्प्लेक्सचा तुटवडा होतो.

आणि इथे खरी गंमत आहे, बाकी प्रोटीन कमी बनत असताना जीसीएन४ (अमिनो अॅसिड बनवणारी जीन्स चालू करणारं प्रोटीन) मात्र वाढतं! त्याच्या एमआरएनएवर खऱ्या एयूजीच्या आधी ४ छोटे ओआरएफ (स्वतःचं एयूजी असलेले वाचनाचे तुकडे) आहेत. पहिला वाचून झाल्यावर बरेच ४०एस उतरत नाहीत, तसेच पुढे सरकतात, पण पुन्हा वाचन सुरू करायला त्यांना नवीन टर्नरी कॉम्प्लेक्स लागतो. कॉम्प्लेक्स भरपूर असेल तर चौथ्यापर्यंत तो मिळून जातो, तिथे वाचन होतं आणि रायबोसोम गळतो. तुटवडा असेल तर मिळायला उशीर होतो, तोवर चौथा मागे पडलेला असतो, आणि वाचन थेट जीसीएन४चं. मला हे कागदावर बाण काढल्याशिवाय कळलं नव्हतं, तुम्हीही काढा.

हे प्लेटवर बघायचं तर ३-एटी हे रसायन वापरतात, ते हिस्टिडिन बनवणारं हिस३ एन्झाइम अडवतं, त्यामुळे हिस्टिडिन नसलेल्या मीडियावर जीसीएन२ नसलेला, म्हणजे जीसीएन४ वाढवू न शकणारा स्ट्रेन वाढत नाही. पण बीवाय४७४१ हा लॅबमधला नेहमीचा स्ट्रेन घेऊन बसू नका, त्यात हिस३ मुळातच नाही, कंट्रोलसुद्धा वाढणार नाही. हिस३चा प्लास्मिड टाका, नाहीतर सल्फोमेट्युरॉन मिथाइल वापरा, ते हिस्टिडिन सोडून दुसरी अमिनो अॅसिड बनणं अडवतं. माझा यात एक अख्खा आठवडा गेला.