खोल समुद्रातला शंख: धुवायला घेण्याआधी या चुका टाळा

ससून डॉकवर ट्रॉलरचा माल उतरला, कोळंबी, माकूल, राणी मासा निवडून झाला, की खाली उरलेल्या चिखलात शंख हमखास सापडतात. त्यातला एखादा पांढुरका, काटेरी शंख उचलून त्यावर ‘खोल समुद्रातली गोगलगाय’ असं लेबल लावलं जातं. पहिली चूक इथेच होते. खोल समुद्र साधारण 200 मीटरच्या पुढे, म्हणजे खंडाचा उथळ मंच संपतो तिथून धरतात. मुंबईसमोर हा मंच जवळपास 300 किलोमीटर रुंद आहे आणि इथले नेहमीचे ट्रॉलर त्याच्या बऱ्याच आत जाळं ओढतात. खरा खोल पाण्यातला माल येतो तो कोल्लमच्या बाजूने 200 मीटरच्या पुढे कोळंबीसाठी जाळं टाकणाऱ्या बोटींवर किंवा ‘सागर संपदा’सारख्या संशोधन जहाजावर.

म्हणून लेबलवर नुसतं ‘मुंबई’ लिहू नका. मुंबई हे माल उतरण्याचं ठिकाण आहे, शंख सापडला ते नव्हे. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारा: जाळं कुठे टाकलं, किती वाव पाणी होतं, किती तास ओढलं. एक वाव म्हणजे सुमारे 1.8 मीटर. जीपीएसचे आकडे बोटीवर असतात, ते उतरवून घ्या. खोलीचा एकच आकडा न लिहिता जाळं टाकतानाची आणि उचलतानाची अशा दोन्ही खोली लिहा. शिवाय शंखात कोण होतं हेही नोंदवा: जिवंत गोगलगाय, रिकामा शंख की शंखखेकडा. खेकडा शंख पाठीवर घेऊन भटकतो आणि रिकामा शंख उतारावरून खाली घरंगळतो. अशा शंखाची खोली ही गोगलगायीची खोली नसते. गोगलगायी ‘अतिखोल पाण्यातल्या’ असल्याच्या कित्येक नोंदी या एका रकान्यावाचून निकामी ठरतात.

विकत घेण्याआधी एवढं लक्षात असू द्या. काही शंख वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या यादीत आहेत. खोलशा पाण्यातला, शंखप्रेमी ज्याच्या मागे असतात तो कोनस मिलनेएडवर्डसी त्यातलाच. तो विकत घेणं, विकणं आणि पार्सलने पाठवणं, तिन्ही गुन्हे आहेत.

धुण्याची घाई

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्याच दिवशी होतं, आणि तेही स्वच्छतेच्या हौसेने. शंख घरी आला की बादलीत ब्लीच, त्यावर टॉयलेट क्लीनर आणि मग चकाकी यावी म्हणून तेल. उथळ पाण्यातला जाड शंख एखादवेळी यातून वाचतो. खोल पाण्यातला वाचत नाही. थंड, दाबाखालच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट सहज विरघळतं, त्यामुळे तिथल्या बऱ्याच गोगलगायींचे शंख पातळ आणि खडूसारखे मऊ असतात. बाहेरच्या पाण्यापासून चुन्याचा बचाव करते ती पेरिओस्ट्रॅकम नावाची सेंद्रिय साल. ती गवती, शेवाळी किंवा तपकिरी रंगाची असते, कधी त्यावर बारीक केसांच्या ओळी असतात. पाहणाऱ्याला ती मळ वाटते. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट सेंद्रिय पदार्थ खातं, म्हणजे नेमकी हीच साल खातं. त्याच्या जोडीला गोगलगाय आत गेल्यावर शंखाचं तोंड बंद करणारं झाकणही जातं. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड शंखाचा चुनाच खातं. बुडबुडे दिसायला लागले तेव्हा शंखावरच्या सर्वांत बारीक रेषा गेलेल्या असतात, आणि जात ओळखायला त्याच लागतात.

धुण्याची पद्धत साधी आहे. आधी पाण्यात न घालता फोटो काढा. मग शंख साध्या पाण्यात 24 तास ठेवा आणि तेवढ्या वेळात पाणी तीन-चारदा बदला. मीठ निघालं नाही तर पावसाळ्यात तेच मीठ ओल धरतं आणि शंखावर पांढरे कण फुलतात. चिखल ड्रॉपरच्या धारेने किंवा लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने काढा, आणि ब्रश रेषांच्या दिशेनेच फिरवा. चुन्याचा थर चिकटला असेल तर 10 पट भिंगाखाली सुईने टोकरा. निघत नसेल तर राहू द्या. सुकवायचं सावलीत, जाळीवर, तोंड खाली करून. उन्हात ठेवलं की साल आखडते आणि तिचे पापुद्रे उडतात. सालीचं जतन महत्त्वाचं असेल, तर त्याच जातीचा दुसरा नमुना कधीच न सुकवता 70 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. तेल लावू नका. त्याने चमक येते, पण धूळही बसते आणि पुढच्या तपासणीत ते आड येतं.

झेनोफोरा सापडला तर ब्रशला हातच लावू नका. ही गोगलगाय वाढता वाढता शिंपल्यांचे तुकडे, खडे, छोटे शंख स्वतःच्या शंखावर चुन्याने चिकटवत जाते. भिंगाखाली नीट पाहिलं तर हे तुकडे शिवणीच्या, म्हणजे वेटोळी जुळतात त्या रेषेच्या, कडेने ठरावीक अंतरावर बसवलेले दिसतात, आणि शिंपल्यांची पोकळ बाजू बहुधा वर असते. ‘वरची घाण’ म्हणून ते खरवडून काढले तर हातात उरतो तो ओळख हरवलेला बसका शंकू.

आतला जीव बाहेर काढताना

आधी ठरवा: शंख हवा की शरीर? दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत.

फक्त शंख हवा असेल तर उकळू नका. पातळ, चकचकीत शंखाला गरम पाण्यात तडे जातात. झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये 48 तास ठेवा, मग खालच्या कप्प्यात सावकाश वितळू द्या. वाकवलेल्या सुईने मांस पकडून, शंखाच्या वेटोळ्याच्या दिशेने शंख फिरवत ओढा. सरळ ओढलं की शरीर मध्येच तुटतं आणि पचनग्रंथी टोकाशी अडकून सडते. तसं झालंच तर शंख पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला, पिचकारीने धार मारा. आठवडाभरात बहुतेक निघतं. झाकण त्याच डबीत ठेवा. ते शिंगासारख्या पदार्थाचं आहे की चुन्याचं, त्याचं केंद्र टोकाला आहे की मधोमध, यावरून कुळापर्यंत पोचता येतं.

शरीर हवं असेल तर फ्रीझर विसरा, कारण ऊती मऊ होऊन विस्कटतात. नेहमीची चूक म्हणजे अख्खी गोगलगाय इथेनॉलच्या बाटलीत टाकून झाकण लावणं. ती आत आक्रसलेली असते, दार झाकणाने बंद असतं, इथेनॉल आत पोचतच नाही. बाटली बाहेरून छान दिसते आणि आत जीव सडतो. त्यावर उपाय तीन. एकाच जातीचे बरेच नमुने असतील तर एकाचा शंख बाकावरच्या शिकंज्यात हळूच चिरडा. शंख राखायचा असेल तर शेवटच्या वेटोळ्यात, तोंडाच्या मागच्या बाजूला, 1 मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडा आणि तसं लेबलवर लिहा. नाहीतर पुढे कोणीतरी ते शिकारी गोगलगायीने पाडलेलं भोक समजून त्यावर पानभर लिहील. तिसरा उपाय मायक्रोवेव्हचा: काही सेकंदांचे झटके दिले की शरीर शंखापासून सुटतं आणि अख्खं बाहेर येतं. यंत्र प्रयोगशाळेचंच वापरा, स्वयंपाकघरातलं नको.

डीएनएसाठी 96 टक्के इथेनॉल घ्या, नमुन्याच्या दहापट, आणि 24 तासांनी बदला. शरीरातलं पाणी बाहेर येऊन इथेनॉल पातळ झालेलं असतं. कायम ठेवायला 70 टक्के करायचं तर 96 टक्क्यांच्या 730 मिलिलिटरमध्ये डिस्टिल्ड पाणी घालून 1 लिटर करा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन आणि जेल असतं. फॉर्मलिन वापरलं तर डीएनए बिघडतो. रचनेसाठी वापरायचंच असेल तर 10 टक्के घ्या आणि त्यात बोरॅक्स घालून पट्टीने पीएच 8 च्या आसपास असल्याचं बघा. तसंच ठेवलं तर ते आम्लधर्मी होऊन शंख पांढरा, भुसभुशीत करतं. दोन दिवसांनी धुऊन इथेनॉलमध्ये हलवा. लेबल पेन्सिलने लिहा आणि बाटलीच्या आत ठेवा. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये उतरते, आणि बाहेर चिकटवलेलं लेबल पहिल्याच पावसाळ्यात पडतं.

गोगलगाय जिवंत मिळाली तर आधी तिला सैल करा: 1 लिटर साध्या पाण्यात 75 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट, त्यात तेवढंच समुद्राचं पाणी. जिवंत कोनस मात्र कधीही हातात धरू नका. त्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो.

चिरफाडीत हमखास गोंधळणारी जागा

हात बसवायला खोल पाण्यातला दुर्मीळ नमुना घेऊ नका. जाळ्यात येणाऱ्या बॅबिलोनिया स्पायराटा या शंखावर सराव करा, मांडणी बरीचशी तीच आहे.

प्रावाराचं, म्हणजे शरीरावरच्या मऊ आवरणाचं, छत उघडलं की डावीकडे दोन अवयव दिसतात. एक पिसासारखा, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या असलेला, बहुधा गडद. दुसरा लांब, एकाच बाजूला पाकळ्या असलेला. पाठ्यपुस्तकातली चित्रं पाहून जवळजवळ प्रत्येकजण पहिल्याला कल्ला म्हणतो. तो कल्ला नाही. तो ऑस्फ्रेडियम, पाण्याची चव घेणारं इंद्रिय. निओगॅस्ट्रोपॉड गटात, म्हणजे बॅबिलोनिया, कोनस यांच्या गटात, कल्ल्याला पाकळ्या एकाच बाजूला असतात, तो दुसरा. ऑस्फ्रेडियम सायफनच्या मुळाशी, म्हणजे पाणी आत येण्याच्या वाटेवर असतो, ही खूण लक्षात ठेवा. छत कापताना कात्री कल्ल्याच्या उजवीकडून चालवा, म्हणजे कल्ला एकीकडे आणि गुदनलिका व जननमार्ग दुसरीकडे शाबूत राहतात.

उजव्या स्पर्शिकेमागे शिश्न दिसलं म्हणून लगेच ‘नर’ लिहू नका. जहाजांच्या तळाला पूर्वी लावल्या जाणाऱ्या ट्रायब्युटिल टिनच्या रंगामुळे माद्यांनाही शिश्न उगवतं. या रंगावर 2008 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, पण बंदरांच्या गाळात तो टिकून राहतो. मुंबई बंदराजवळच्या नमुन्यांवर काम करत असाल तर अंड्यांच्या पिशव्या बनवणारी ग्रंथी आहे का हे तपासून मगच लिंग लिहा.

रॅड्युला, म्हणजे दातांची पट्टी, शोधायला बरेचजण तोंडाच्या टोकाशी टोकरतात. शिकारी गोगलगायींची सोंड आत ओढलेली असते, ती उभी चिरून बघावी लागते. काढलेला तुकडा 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा, मग डिस्टिल्ड पाण्यात तीनदा धुवा. धुण्यात कसूर झाली तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दातांऐवजी क्षाराचे स्फटिक दिसतात. ओळीत 2-1-1-1-2 असे सात दात की 1-1-1 असे तीन, हे आधी मोजा. कोनस आणि त्याच्या नातलगांत पट्टीच नसते. सुटे, पोकळ, भाल्यासारखे दात पिशवीत असतात आणि धुताना पाण्याबरोबर वाहून जातात. त्यांच्यासाठी वॉच ग्लासखाली काळा कागद ठेवा.

तुटलेलं नसतं ते, आणि मोजमाप

प्लुरोटोमारिड शंखांच्या बाहेरच्या ओठात एक लांब चीर असते. ती नैसर्गिक आहे, वापरलेलं पाणी तिथून बाहेर जातं. टरिड गटातल्या ओठावरची खाचही तशीच. ही खाच कुठे आहे, खांद्यावर की कण्यावर (वेटोळ्यावरच्या उंच कंगोऱ्यावर), यावर प्रजाती ठरते. जेम्युलामध्ये ती मणी असलेल्या कण्यावरच असते. ओठ तुटलेला असेल तर मागच्या वाढरेषांचा बाक बघा, खाचेचा आकार त्यांत उमटलेला असतो. उलट, झिजलेलं टोक हे खोल पाण्यात नेहमीचं. ते अखंड दाखवण्यासाठी फोटोत रंगवू नका. टोकावरचं अळीचं कवच हवं असेल तर त्याच जातीची पिल्लं शोधा.

लांबी टोकापासून नळीच्या शेवटापर्यंत, अक्षाला समांतर मोजा. काटे रुंदीत धरले की नाही ते लिहा. फोटोत अक्ष उभा, तोंड समोर, आणि पट्टी शंखाच्या मध्याच्या पातळीवर असावी. टेबलावर ठेवलेली पट्टी लांबी चुकीची दाखवते. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरल्यावर तोंड उजवीकडे आलं तर शंख उजवा. बाजारात ‘दक्षिणावर्ती’ म्हणून विकतात तो याच्या बरोबर उलट, म्हणून दुकानदाराचा शब्द वहीत उतरवू नका.

लोखंडी गोगलगाय, क्रायसोमॅलॉन स्क्वॅमिफेरम, हिच्याबद्दल सोशल मीडियावर जे फिरतं त्यात दोन चुका नेहमी असतात. ती लोखंड खात नाही. तिचं पोषण अन्ननलिकेच्या मोठ्या ग्रंथीत राहणाऱ्या जिवाणूंकडून होतं. आणि पायावरचे खवले शंखाचा भाग नाहीत. शंखाला तीन थर: बाहेर लोह सल्फाइडचा सुमारे 30 मायक्रॉन, मध्ये सेंद्रिय सुमारे 150, आत ॲरागोनाइटचा सुमारे 250. मात्र सॉलिटेअर या गरम झऱ्याजवळच्या गोगलगायींवर हा लोहाचा लेप नसतो, त्या पांढुरक्या दिसतात. ही जात 2001 मध्ये हिंदी महासागरातल्या कैरेई झऱ्याजवळ प्रथम सापडली, म्हणजे मुंबईच्या डॉकवर दिसायची नाही. पण लोह सल्फाइडचा कुठलाही नमुना दमट हवेत गंजतो, हे संग्रह सांभाळणाऱ्याने लक्षात ठेवावं.

पावसाळ्यातली पांढरी भुकटी

जून-जुलैत मासेमारी बंद असते, नवा माल येत नाही, आणि याच काळात कपाटातला जुना संग्रह खराब होतो. शंखावर आंबट वासाची पांढरी भुकटी दिसली की लोक बुरशी समजून पुसतात आणि परत त्याच लाकडी खणात ठेवतात. ही बुरशी नव्हे. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक ॲसिडची वाफ निघते, ओलसर हवेत ती शंखाच्या चुन्याशी संयोग पावते आणि क्षार बनतात. 1899 मध्ये बाइन यांनी याचं वर्णन केलं आणि दोष जिवाणूंना दिला. कारण चुकलं, नाव मात्र टिकलं: बाइनचा रोग.

झिजलेला भाग परत येत नाही, झीज थांबवता येते. शंख डिस्टिल्ड पाण्यात दिवसभर ठेवा, पाणी दोनदा बदला, पूर्ण सुकवा. मग पॉलिप्रॉपिलिनच्या किंवा काचेच्या हवाबंद डबीत, ॲसिडमुक्त कागदावर, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली हवी. डबीत दहा-बारा रुपयांचं आर्द्रता दाखवणारं कार्ड टाकलं की उघडून बघावं लागत नाही. निळं जेल गुलाबी झालं की 110 ते 120 अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास सुकवून परत वापरा. शेजारच्या खणातले शंखही त्याच दिवशी तपासा, कारण वाफ एका डबीपुरती थांबत नाही.