मसांवर इमिक्विमॉड मलम: कसं लावायचं, कधी थांबायचं

मस (चामखीळ) दिसला की गावात आधी बिब्बा नाहीतर रुईचा चीक लागतो. दोन्हींनी कातडी भाजते, आणि ज्या विषाणूमुळे मस येतो तो आजूबाजूच्या कातडीत तसाच राहतो. जननेंद्रियावर किंवा गुदद्वाराजवळ तर बिब्बा कधीच लावू नका. तिथल्या मसांसाठी ५ टक्के इमिक्विमॉड मलम मिळतं. ते विषाणूला स्वतः मारत नाही. कातडीतल्या पेशींना चेतवून इंटरफेरॉन (विषाणूशी लढणारं प्रथिन) तयार करायला लावतं, मग शरीरच मसाचा निकाल लावतं. म्हणून गुण सावकाश येतो.

आधी डॉक्टरांना दाखवून तो मसच आहे याची खात्री करा. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये याच तक्रारी पाहतात, तिथं संकोच नको. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. हातापायाच्या जाड, खरखरीत मसांत हे मलम नीट मुरत नाही. तिथं सॅलिसिलिक अ‍ॅसिड बरं.

आठवड्यातून तीनच रात्री लावायचं: सोमवार, बुधवार, शुक्रवार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. दिवसभर वावरात घाम येतो, म्हणून झोपतानाच लावा. जागा साबण-पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करा. पुडी २५० मिलिग्रॅमची असते, पण एका लहान मसाला ज्वारीच्या दाण्याहूनही कमी मलम पुरतं. पांढरेपणा दिसेनासा होईस्तोवर हलक्या बोटानं चोळा. वर पट्टी बांधू नका, सैल सुती कपडा घाला, हात धुवा. ६ ते १० तासांनी, म्हणजे रात्री १० ला लावलं तर सकाळी ६ ला उठून, साबणानं धुऊन टाका. पुडीत उरलेलं फेकून द्या. योनीच्या, लघवीच्या वाटेच्या किंवा गुदद्वाराच्या आत लावायचं नाही.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत जागा लाल होते, खाजते, पापुद्रे निघतात. एवढं अपेक्षितच आहे. बिघडतं ते घाईनं. लवकर जावं म्हणून रोज लावलं की कातडी सोलून ओली जखम होते. तसं झालं तर धुऊन टाका, काही रात्री थांबा, आग शमली की पुन्हा तीन रात्रींच्या नेमावर या. मधली रात्र चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नका. ताप-अंगदुखी आली, किंवा सुजेमुळे लघवी अडली, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

मलम २५ अंशांच्या वर ठेवू नये, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालची खोली भट्टी होते. फ्रिज असेल तर खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. नसेल तर मातीच्या घरातल्या सर्वात गार कोपऱ्यात, रांजणाजवळ, बंद डबीत.

मलम अंगावर असताना संबंध टाळा. त्यानं निरोध कमजोर होतो. जोडीदारालाही तपासून घ्या. मस गेला की मलम बंद करा. १६ आठवड्यांनीही राहिला तर पुढे लावत बसू नका. डॉक्टर तो गोठवून किंवा जाळून काढतात.