मोठ्या पूर्णांकांची लायब्ररी: आधी थर वेगळे करा

गणित आणि क्रिप्टोग्राफी एकाच मॉड्यूलमध्ये कालवू नका. खालच्या थराला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, मॉड्युलो (भागाकाराची बाकी) एवढंच कळावं. की (किल्ली) कोणती, पॅडिंग (संदेशाला घातलेली भर) कसं, हे वरच्या थराने पाहावं.

संख्या ६४ बिटांच्या तुकड्यांत ठेवा. २०४८ बिटांना ३२ तुकडे. दोन तुकड्यांचा गुणाकार १२८ बिटांपर्यंत जातो. तो ६४ बिटांत घेतलात, तर वरचा अर्धा भाग गुपचूप गळतो.

कर्व्ह२५५१९ या क्रिप्टोग्राफीतल्या वक्रासाठी मात्र ५१ बिटांचे पाच तुकडेच बरे. प्रत्येकात १३ बिट मोकळे राहतात, म्हणून दर बेरजेनंतर हातचा पुढे न्यावा लागत नाही. मॉड्युलस, म्हणजे ज्याने भागून बाकी घ्यायची ती संख्या, इथे २^२५५ − १९ आहे. त्यामुळे २५५ बिटांच्या वर गेलेला भाग १९ने गुणून खाली मिळवायचा. भागाकार नाहीच. फार सुंदर सोय आहे ही.

गुप्त बिटावर इफ लावू नका, अ‍ॅरेचा इंडेक्सही काढू नका. लागणाऱ्या वेळेवरून की फुटू शकते. जीएमपी या मोठ्या संख्यांच्या लायब्ररीत घातांक गुप्त असेल तर घात काढून बाकी देणाऱ्या साध्या पॉवम फंक्शनऐवजी पॉवम_सेक वापरा. त्याला विषम मॉड्युलस आणि शून्याहून मोठा घातांक लागतो.

चाचणीला नुसत्या रँडम संख्या पुरत नाहीत. शून्य, मॉड्युलस, मॉड्युलस वजा १ आणि सगळे बिट १ असलेले तुकडे मुद्दाम द्या. हातचा पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत धावतो, तो तिथेच.