थंडीआधी बॉयलरची तपासणी: दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा?

घर तापवणारा बॉयलर बहुतेक वेळा ऐन थंडीतच बंद पडतो, कारण त्याच्यावर खरा ताण तेव्हाच येतो. महिनोन्‌महिने न फिरलेला पंप जाम झालेला असतो, व्हॉल्व्ह अडकलेला असतो, आणि ते कळतं पहिल्या गारठ्यात. म्हणून थंडी पडायच्या महिनाभर आधी एक मोकळी सकाळ काढा, हीटिंग तासभर पूर्ण चालू ठेवा आणि हातात वही घेऊन घरभर फिरा.

पण त्याही आधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बघा. या वायूला रंग नाही, वास नाही. इंधन नीट जळलं नाही की तो तयार होतो, आणि धुराची नळी तुंबली किंवा गळकी झाली की घरात शिरतो. अलार्मचं बटण दाबून आवाज येतो का पाहा, त्यावर छापलेली मुदत वाचा. मुदत संपली असेल तर बॅटरी बदलून भागत नाही, अलार्मच नवा लागतो. घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी डोकेदुखी, गरगरणं, मळमळ सुरू झाली आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटलं, तर सर्दी-तापाची साथ समजून झोपून राहू नका. बॉयलर बंद करा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, डॉक्टरांना या वायूची शंका स्पष्ट सांगा. गॅसचा वास आला तर विजेच्या एकाही बटणाला हात लावायचा नाही. जमल्यास मुख्य कॉक बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि फोन बाहेर जाऊन करायचा. गॅसच्या बॉयलरची ज्योत दिसत असेल तर ती निळी, स्थिर हवी. ती पिवळी, लोळणारी दिसली किंवा आवरणावर काळे-तपकिरी डाग उमटले, तर बॉयलर तिथल्या तिथे बंद. यात ‘उद्या बघू’ नाही.

आता प्रेशर, म्हणजे पाइपांत फिरणाऱ्या पाण्याचा दाब. बंदिस्त यंत्रणेत पाणी गार असताना गेजचा काटा साधारण १ ते १.५ बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) असतो, तापल्यावर थोडा चढतो. दोन्ही आकडे लिहून ठेवा. काटा हळूहळू उतरत असेल आणि दर थोड्या दिवसांनी पाणी भरावं लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे: रेडिएटरच्या (गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या, भिंतीजवळच्या पट्टीच्या) जोडाला, फरशीखालच्या पाइपला किंवा खुद्द बॉयलरच्या आत. बरेच जण पाणी भरत राहतात आणि महिने ढकलतात. हे मला सगळ्यात घातक वाटतं, कारण प्रत्येक वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात. उलट, तापल्यावर काटा ३ बारकडे धावत असेल आणि बाहेरच्या सेफ्टी पाइपातून पाणी ठिबकत असेल, तर बहुधा एक्स्पान्शन टाकीतली, म्हणजे तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या छोट्या टाकीतली, हवा गेलेली असते. ही दुरुस्ती मोठी नाही, तेवढ्यासाठी नव्या बॉयलरचं बोलू नये.

मग प्रत्येक रेडिएटरला हात लावून बघा. वरून गार, खालून गरम असेल तर आत हवा अडकली आहे. ती रेडिएटरच्या छोट्या चावीने काढता येते, फक्त नंतर प्रेशर पुन्हा तपासा. खालून गार, वरून गरम असेल तर तळाशी गंजाचा काळा गाळ बसलाय, आणि तो धुवूनच काढावा लागतो. नळाला गरम पाणी येतं पण रेडिएटर थंडच, असं कॉम्बी बॉयलरमध्ये (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणाऱ्या) झालं तर डायव्हर्टर व्हॉल्व्हवर, म्हणजे उष्णता नळाकडे की रेडिएटरकडे हे ठरवणाऱ्या झडपेवर, संशय घ्या. थर्मोस्टॅटची बॅटरी आणि टायमरची वेळ मात्र आधी पाहून घ्या.

आवाजही टिपा. उकळत्या किटलीसारखी घरघर म्हणजे हीट एक्स्चेंजरमध्ये (ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात) क्षार किंवा गाळ साचून पाणी जागच्या जागी उकळतंय. गुडगुड बहुधा हवेची. कडक गोठणात बॉयलर गुडगुडून बंद पडला, तर बाहेरची कंडेन्सेट नळी, म्हणजे धुरातल्या वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडणारी नळी, गोठलेली असू शकते. तिच्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको. बॉयलर सारखा लॉक होत (सुरक्षेसाठी आपोआप बंद पडत) असेल तर पडद्यावरचा कोड लिहून घ्या. एकदा रीसेट करणं ठीक आहे. दर सकाळी रीसेट करत राहणं म्हणजे सुरक्षेसाठी थांबलेल्या यंत्राला जबरदस्तीने पुढे ढकलणं.

बदलायचा निर्णय एका लक्षणावर घेऊ नका. नीट सांभाळलेला बॉयलर साधारण १० ते १५ वर्षं चालतो. त्या वयात हीट एक्स्चेंजर गळायला लागला, सुटे भाग मिळेनासे झाले किंवा एकाच थंडीत दुसऱ्यांदा मोठी दुरुस्ती निघाली, तर पैसे नव्यात घालावेत असं माझं ठाम मत आहे. पाच-सहा वर्षांच्या बॉयलरचा पंप, पंखा किंवा सर्किट बोर्ड गेला असेल तर आधी वॉरंटीचे कागद शोधा. जुना बॉयलर कंडेन्सिंग नसेल तर इंधनाचा हिशेबही मांडा: नवा कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णताही वापरतो. मात्र त्यासाठी रेडिएटरांतून बॉयलरकडे परत येणारं पाणी सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या खाली यावं लागतं. पाणी कायम ८० अंशांवर ठेवलं तर तो फायदा हाती लागत नाही.

तंत्रज्ञ यायच्या आधी बॉयलरच्या पाटीचा फोटो, एरर कोड, प्रेशरचे आकडे, थंड रेडिएटरांची नावं, मागच्या सर्व्हिसची पावती आणि दोन थंडींची बिलं एकत्र ठेवा. बॉयलरभोवतालचं सामान हलवा, बाहेरच्या धुराड्यासमोरची वेल छाटा. आवरण स्वतः उघडू नका. ते काम परवानाधारक माणसाचंच. नवा सुचवला तर विचारा: घराची उष्णतेची गरज मोजली का, की जुन्याइतक्याच किलोवॅटचा लावताय? जुनी यंत्रणा धुऊन देणार का, गंजाचे कण पकडणारा चुंबकीय फिल्टर बसवणार का? गाळ तसाच राहिला तर तो नव्या बॉयलरमध्येही जाईल. हे सगळं लेखी घ्या, आणि काम झाल्यावर धुरातल्या वायूंची मोजणी त्याच्याकडून करवून आकडे वहीत उतरवून घ्या.