वंशपरंपरागत सूज आणि भूल: या चुका टाळा

पहिली चूक केसपेपरवरच होते. ओठ सुजतात, हात सुजतो असं सांगितलं की ‘ॲलर्जी’ लिहून मोकळे होतात. आनुवंशिक अँजिओएडिमात, म्हणजे वंशपरंपरेने येणाऱ्या या सुजेच्या आजारात, खाज नसते, अंगावर पित्त उठत नाही. सी-१ इनहिबिटर हे प्रथिन कमी पडतं किंवा नीट काम करत नाही, ब्रॅडिकायनिन हे सूज आणणारं द्रव्य वाढतं आणि सूज चढते. म्हणून एविल, हायड्रोकॉर्टिसोन, ॲड्रिनलिन या ॲलर्जीवरच्या औषधांच्या भरवशावर राहता येत नाही. (खऱ्या ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीची, शंका असेल तर मात्र ॲड्रिनलिन द्यायलाच हवं.) फाईलच्या पहिल्याच पानावर लिहून घ्या: ‘आनुवंशिक अँजिओएडिमा, ॲलर्जी नाही, घशात नळी घालण्याआधी प्रतिबंधक औषध’.

दाढ काढणं किरकोळ समजू नका, ही माझी कळकळीची विनंती. तोंडातल्या छोट्या कामानंतरही घसा सुजू शकतो, आणि लगेचच असं नाही, तर ४८ तासांपर्यंत कधीही. सकाळी डिचोलीत दाढ काढली, संध्याकाळी जेवलात, मध्यरात्री आवाज घोगरा झाला: तिथे वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा. त्यापेक्षा हे काम बांबोळीच्या गोमेकॉसारख्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) मोठ्या इस्पितळात, रात्रभर देखरेखीत होऊ द्या. काणकोण किंवा सत्तरीसारख्या लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी तर त्याच रात्री घरी परतायची घाई करूच नये.

प्रतिबंधक औषधाची चौकशी आदल्या दिवशी करून चालत नाही. सी-१ इनहिबिटरचं इंजेक्शन, साधारण १००० युनिट, शस्त्रक्रियेच्या थोडंच आधी देतात. ते मिळत नसेल तर ताजा गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग), किंवा ५ दिवस आधीपासून डॅनाझोलच्या गोळ्या; गरोदरपणात डॅनाझोल चालत नाही. शिवाय सूज आलीच तर लागणारं औषध खाटेजवळ तयार हवं.

भूलतज्ज्ञांना आधी भेटा. शक्य असेल तिथे पाठीतून भूल बरी, कारण घशाला धक्का लागत नाही. नळी घालावीच लागली तर लहान आकाराची, हलक्या हाताने, आणि गळ्यातून श्वासमार्ग उघडू शकणारे डॉक्टर जवळ.

रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर तेही सांगा; त्या गोळ्यांनी सूज वाढते.

आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. चतुर्थीला सगळे मूळ घरी जमतात, तेव्हा कोणाकोणाला सूज येते, पोटात अचानक कळा येतात हे विचारून घ्या आणि त्यांची सी-४ ची (या आजारात कमी होणाऱ्या रक्तातल्या एका प्रथिनाची) रक्ततपासणी करून घ्या.