डेल्टा(२टी) आणि माझी केटी

इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला सिग्नल्समध्ये माझी केटी लागली, म्हणजे विषय राहिला आणि पेपर पुन्हा द्यावा लागला. अख्खा पेपर काही इम्पल्सने (म्हणजे डेल्टाने, एका क्षणापुरत्या टोकदार झटक्याने) घालवला नाही, पण घसरगुंडी तिथूनच सुरू झाली.

गणित असं: टीचा वर्ग अधिक १, गुणिले डेल्टा(२टी − ६), ० ते ४ इंटिग्रेट करा. इम्पल्स टी = ३ ला, तिथे ९ + १ = १०. मी १० लिहून मोकळा. उत्तर ५ होतं.

डोक्यात नोट्समधलं वाक्य घट्ट बसलेलं: 'शून्यावर अनंत, बाकी सगळीकडे शून्य.' मग अनंताला आतल्या दोनाने काय फरक पडणार? पण ही अर्धीच व्याख्या. 'क्षेत्रफळ १' हा दुसरा अर्धा भाग आम्ही घाईत गाळायचो, आणि सगळा जीव त्यातच आहे. डेल्टा म्हणजे बारीक होत जाणारा उंच आयत समजा आणि वहीत काढूनच बघा. रुंदी ०.१, उंची १०, क्षेत्रफळ १. आता टीच्या जागी २टी घाला. आयत आक्रसून रुंदी ०.०५ होते, उंची मात्र १०च राहते. क्षेत्रफळ ०.५. आयत कितीही बारीक करत न्या, तो अर्धा काही सुटत नाही. म्हणून डेल्टा(२टी) म्हणजे अर्धा डेल्टा(टी). आत उणे दोन असले तरी अर्धाच; आयत डावीउजवीकडे उलटला म्हणून क्षेत्रफळ बदलत नाही. आकृतीत डेल्टा बाणाने दाखवतात; त्या बाणाशेजारी लिहितात तो १ सुद्धा क्षेत्रफळाचाच, उंचीचा नव्हे.

डिस्क्रीटमध्ये, म्हणजे सिग्नल फक्त पूर्णांक एनला सुट्या किमतींनी दिलेला असतो तिथे, मात्र हे चालवू नका! डेल्टा[२एन] म्हणजे डेल्टा[एन]च; एन = ० ला सरळ १ किंमत, विषय संपला. केटीच्या पेपरात मी नेमका तिथे अर्धा लावून आलो. हसा खुशाल.

आदल्या रात्री प्रश्नसंच पाठ करून सुटणारे असतात. त्यांच्यावर माझा राग नाही. (आहे, थोडा.) पण लॅबमध्ये पाठांतर उघडं पडतं. कॉम्प्युटरवर आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) सर्किटला इम्पल्स द्यायचा म्हणून मी पहिल्या सॅम्पलला १ ठेवला, टाइम स्टेप (दोन सॅम्पलमधलं अंतर) ०.००१. आउटपुट हजारपट लहान. लॅब असिस्टंट काका एवढंच म्हणाले, "क्षेत्रफळ किती झालं रे?" १च्या जागी १००० घातले, आलेख जागेवर आला. वर्षभराच्या लेक्चरपेक्षा तो एक प्रश्न भारी.

आठवडाभर डोकं आपटलंत तरी चालेल. हा डेल्टा ज्याच्या नावाने ओळखतात तो भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक स्वतः ब्रिस्टलला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकलेला. त्याने हे १९२०च्या दशकात वापरलं, पण गणितात ते चोख बसवायला गणितज्ञ लोराँ श्वार्त्झपर्यंत, म्हणजे १९४०च्या दशकापर्यंत थांबावं लागलं.

आणि हो, इंटिग्रेशनच्या मर्यादा (कुठून कुठपर्यंत) आधी बघा. वरच्याच गणितात ० ते २ दिलं असतं, तर इम्पल्स बाहेर, उत्तर शून्य. तेही मी एकदा ५ लिहिलंय.